साखरेचा निशिगंध

झेंडीगेट, नगर
१८ सप्टेंबर २०२५

प्रिय शोभा,

तुझा फोन लागत नाही. म्हणजे माझ्या फोनवरून लागत नाही. सुनेच्या, अरफाच्या फोनवरून लावला तर पहिल्याच रिंगला उचललास आणि माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. रिक्षावाला सहादेव सावेडीकडं निघालाय, त्याच्या हाती देते आहे. शोभाताईंच्या हातातच दे, त्यांच्या सुनेच्या नको, असं त्याला बजावलंय.

तुमच्या सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपवर तू जे लिहिलंस त्याचा फोटो कोणीतरी अरफाला पाठवला. वर तुझं नाव, खाली तुझे शब्द. ‘शाळेपासूनची मैत्रीण म्हणून खातूनवर विश्वास ठेवला. फुलांत अंडं आहे हे तिनं मला सांगितलं नाही. गौराई मला क्षमा करो.’

मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. तुझीच भाषा. काना-मात्रा अगदी बरोबर.

श्रावणात तू माझ्या पलंगावर पाय वर घेऊन बसली होतीस, ते आठव. म्हणालीस, ‘खातू, या वर्षी अशी आरास करायची की सावेडीभर नाव झालं पाहिजे. दोन्ही गौरींना साखरेच्या निशिगंधाच्या वेण्या!’

मी म्हटलं, ‘अगं, माझ्या फुलांत अंड्याचं पांढरं असतं. केकवर ठीक आहे. गौरीला कसं चालेल?’

‘शी! नाही बाई चालायचं. दुसरं काहीतरी घाल.’

‘मग कतीरा घालते.’

‘ते काय आणि?’

‘रमजानमध्ये आमच्याकडचं सरबत पितेस ना, त्यात ते लिबलिबीत तरंगतं ते. डिंक असतो गं झाडाचा.’

‘म्हणजे शुद्धच की!’ तू म्हणालीस आणि टाळी दिलीस. बाहेरच्या खोलीतून आमचे हे, जीशानचे अब्बा, ओरडले, ‘शोभाताई, सरबताचे पैसे वेगळे पडतील हं!’ तू हसलीस. हे सगळं घडलं की नाही?

ती फुलं मी कशी केली ते तुला कधी सांगितलं नाही. सांगायचं कारणच पडलं नव्हतं. नवी परात आणली, नवी चाळणी आणली. गौरींची फुलं पुरी होईपर्यंत घरात अंडं येऊ दिलं नाही. जीशानचे अब्बा सकाळी आम्लेट मागायचे तर मी त्यांना म्हणायची, तुमच्या शोभाताईंच्या गौरी बसू देत आधी. कतीरा भिजवून मलमलीतून गाळला, साखरेत मळला. त्या कणकेला अंड्याच्या कणकेसारखी लवचीकता नसते. पाकळी लाटताना कडेला चिरते. दहा फुलं करावीत तेव्हा सहा हाती लागतात. तारेवर फुलं उभी करते मी नेहमी, पण देवीच्या डोक्यावर लोखंड नको आणि लहान पोरांनी तोंडात घातलं तर टोचायला नको, म्हणून शेवया ओल्या करून, सरळ करून, वाळवून त्यांचे देठ केले. पराग रव्याचे, हळदीत घोळवलेले.

आणि गौरी बसायच्या आदल्या दिवशी तू म्हणालीस, ‘उद्या नको येऊ गं, गर्दी असेल. मागाहून सावकाश ये.’ दर वर्षी मला पहिल्या दिवशी बोलावणारी तू. मला तेव्हा काही वाटलं नाही. मागाहून कळलं की फुलं तू स्वतः केलीस असं तू सगळ्यांना सांगितलं होतंस.

तेही मी सोडून दिलं असतं. सांग की, माझी कला तुझी. पण अरफा आमच्या केकचे व्हिडिओ टाकते. एकात कोणाच्या तरी वाढदिवसाच्या केकची फुलं होती, त्यात ती अंड्याचं पांढरं फेटताना दिसली, तुमच्यातल्या एकीनं त्यातला निशिगंध ओळखला आणि तुला विचारलं. तोवर फुलं तुझी होती. अंडं दिसल्याबरोबर माझी झाली.

माझं मागणं एकच आहे. ज्या ग्रुपवर ते लिहिलंस तिथंच एक वाक्य लिही: ‘खातूननं मला आधी विचारलं होतं, आणि गौरीच्या फुलांत अंडं नव्हतं.’ माफी मागू नकोस. मला माफी नको. एवढं एक वाक्य.

तुझी,
खातू


५ ऑक्टोबर २०२५

प्रिय शोभा,

पत्र तुझ्या हातात पडलं, सहादेवनं सांगितलं. तू दारातच फोडून वाचलंस, घडी घालून पदरात धरलंस आणि त्याला म्हणालीस, ‘उत्तर नाही.’ मी त्याला खोदून खोदून विचारलं, चेहरा कसा होता? तो म्हणाला, ‘मॅडम, मोठ्या लोकांच्या तोंडावरचं आमाला काय कळतंय. पन पानी नाय इचारलं. दर टायमाला इचारत्यात.’

काल तो सावेडीतून एक केक परत घेऊन आला. दुपारी अरफानं पाठवलेला, गुलाबी शेवंतीचा, कोणाच्या तरी लेकीच्या वाढदिवसाचा. डबा उघडलेलाही नव्हता.

‘काय झालं रे?’

‘मला काय ठाव न्हाई मॅडम. बाई म्हनल्या, माघारी घेऊन जा. म्या म्हनलं, अवो, पोरीचा वाढदिवस हाय. तर त्या म्हनल्या, दुसरीकडून आनलाय.’ मग माझ्याकडं न बघता म्हणाला, ‘तुमी मनावर घेऊ नका. लई गोड खाऊ नये मानसानं.’

आम्ही तो केक गल्लीतल्या पोरांना वाटला. पोरं खूश. जीशानचे अब्बा म्हणाले, ‘जन्मभर सायकलींचे पंक्चर काढले, अंड्याचा धंदा कधी केला नाही. आणि म्हातारपणी बदनाम झालो ते अंड्यानं!’ ते सगळ्याचं हसूच करतात. रात्री मात्र त्यांनी मला विचारलं, ‘शोभाताईंनी खरंच लिहिलं का गं ते? दुसऱ्या कोणी त्यांच्या फोनवरून लिहिलं नसेल?’ मी म्हटलं, त्यांनीच. ते कूस बदलून झोपले.

सावेडीतून आता कोणी विचारत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ज्या शाळेत मुलींना फुलं शिकवते, तिथल्या बाईंनी फोन केला. येत्या उन्हाळ्यात वर्ग घ्यायचा की नाही ते बघू म्हणाल्या. आवाज इतका गोड होता की माझ्या लक्षातच यायला वेळ लागला. अरफानं नवे डबे छापून आणले. जुन्या डब्यांवर ‘खातून अँड अरफा’ असं होतं. नव्यावर नुसतं ‘होममेड केक्स’. म्हणाली, ‘अम्मी, थोडेच दिवस.’ मी म्हटलं, छान दिसतात.

मी बरी आहे. काम थोडं कमी झालंय, म्हणून हातांना आराम.

तुला कॉन्व्हेंटमधला शिवण-स्वयंपाकाचा तास आठवतो? सिस्टर क्लारा आपल्याला गुलाबाची पानं आणायला बागेत पाठवायच्या, कारण साखरेच्या पानावर शिरा उठवायला खऱ्या पानाची पाठच लागते. तू काट्यांना भ्यायचीस. मी तोडायची आणि तू फ्रॉकच्या ओच्यात धरायचीस. परत आल्यावर सिस्टर विचारायच्या, कोणी तोडली? तू हात वर करायचीस. मला त्याचं इतकं हसू यायचं! वाटायचं, करू दे की, आपली शोभाच आहे.

पाकळीची कड अशी हवी की पलीकडचं बोट दिसावं, असं सिस्टर म्हणायच्या. तुझी पाकळी कायम जाड. ‘खातू, तू माझ्या चार कर ना,’ म्हणायचीस आणि डब्यातली साबुदाण्याची खिचडी माझ्यापुढं सरकवायचीस. त्या खिचडीसाठी मी तुझं अख्खं फूल करून दिलं असतं. दिलंही.

आणि सिस्टरांचा केक! त्यात किती अंडी असायची, ती फोडायचं काम तुझंच होतं. तू अंडं खातेस, तुझे नृसिंहराव खातात, तुझी सून मैत्रेयी तर रोज उकडून खाते. गौरीला नको, हे मी समजते गं. तुमच्या घरच्या सोवळ्याची माझ्याइतकी काळजी तुझ्या सख्ख्या जावांनी घेतली नसेल. म्हणूनच हे इतकं लागलंय.

ते वाक्य लिही. उशीर झाला असं समजू नकोस.

तुझी,
खातू


२६ ऑक्टोबर २०२५

शोभा,

फराळ पोचला. चकल्या खुसखुशीत झाल्यात. अनारसा एक मोडला होता, पण चवीला तोच, तुझ्या आईच्या हातचा.

डब्यात चकलीच्या खाली चिठ्ठी निघाली. ‘खातू, मला सगळं माहीत आहे गं. तुझी काही चूक नाही. पण आता विषय वाढवू नकोस. मैत्रेयीच्या माहेरचे त्याच सोसायटीत राहतात. मी खोटी पडले तर घरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तू मोठ्या मनाची आहेस.’

म्हणजे तुला माहीत आहे. मला वाटत होतं, तुझा खरंच काही गैरसमज झाला असेल. श्रावणातलं बोलणं तू विसरली असशील, या वयात होतं, माझंही होतं. एवढे दिवस मी तुझ्या बाजूनं असा विचार करत होते. घरात अरफाशी भांडत होते, ‘शोभा असं मुद्दाम करणार नाही.’ तुझी चिठ्ठी मी तिला दाखवली नाही. दाखवली असती तर ती काही बोलली नसती, आणि तेच मला सोसलं नसतं.

तू खोटी पडशील म्हणून मी खोटी राहायचं. मोठं मन म्हणतात ते हे होय?

चकलीखाली ठेवलेल्या चिठ्ठीनं काय होणार, शोभा? ती मीच वाचली. ज्यांनी पहिलं वाचलं होतं त्यांनी वाचली पाहिजे ना.

तुला वाटत असेल, केक गेले म्हणून मी चिडले आहे. अरफाचे केक काही थांबलेले नाहीत. जानेवारीत बेलापूरला माझ्या भावाकडं लग्न आहे, तिथं भरपूर काम आहे. मला राग याचा येतो की, सावेडीतल्या त्या बायका आता असं म्हणत असतील की ‘त्यांनी’ आपल्या गौरीला मुद्दाम बाटवलं. तू मला घरात नेलंस, तुझ्या सासूबाईंनी मला शेवटच्या आजारात हातानं पेज भरवू दिली, आणि तुझ्या त्या दोन ओळींनी मी ‘त्यांनी’ झाले. तू हा शब्द लिहिला नाहीस, हे खरं. तुला लिहावा लागला नाही.

तुझा डबा सहादेवबरोबर परत पाठवते आहे. आपल्या दोन घरांत डबा कधी रिकामा गेला नाही. ईदचा आमचा शीरखुर्मा आला की तू त्याच भांड्यात साखर तरी घालून पाठवायचीस. या खेपेला डबा रिकामा आहे. घासून, पुसून, कोरडा करून दिलाय. चुकून राहिलं असं समजू नये म्हणून लिहिते.

खातून


१३ डिसेंबर २०२५

शोभा,

काल तू अरफाला फोन केलास, आणि मी शेजारीच बसले होते. तिनं फोन माझ्या हातात दिला तेव्हा तू ठेवला नाहीस.

आपण जे बोललो ते लिहून ठेवते, म्हणजे नंतर कोणाचाच गोंधळ होणार नाही.

तुझ्या नातवाचा, ओमचा पहिला वाढदिवस चार जानेवारीला. केक एका दुकानातून येणार. मैत्रेयीला त्यावर साखरेची फुलं हवीत, आणि पुण्याहून आणलेली फुलं तिला पसंत पडली नाहीत. ‘गौरीच्या वेळची होती तशी पाहिजेत,’ असं ती म्हणाली. तू फोनवर हे सांगितलंस.

मग तू म्हणालीस, ‘खातू, करशील ना? अगदी माझ्यासाठी. ओमसाठी.’

मी विचारलं, ‘कोणी केली म्हणून सांगशील?’

तू म्हणालीस, ‘आता लगेच तेच का?’

‘हो, लगेच तेच.’

मी तुला अट घातली. ग्रुपवर लिहायला जड जात असेल तर लिहू नकोस. केक कापायला त्याच सगळ्या बायका येणार आहेत. फुलांचं कौतुक करतीलच. तेव्हा तोंडानं सांग, ही खातूननं केलीत, गौरीचीही तिनंच केली होती, आणि त्यात अंडं नव्हतं. हसत सांग. स्वतःला सावरून घेऊन सांग. माझा फार घोळ झाला म्हण, वयाचा दोष म्हण, काही म्हण. डब्याच्या झाकणावर माझं नाव असेल, ते झाकण टेबलावर राहू दे.

मागं कुकरची शिट्टी झाली. मग म्हणालीस, ‘बरं. सांगेन.’

‘नक्की?’

‘अगं हो. सांगेन म्हटलं ना.’

अरफा माझ्याकडं बघत होती. मी फोन ठेवल्यावर म्हणाली, ‘अम्मी, तुम्ही सप्टेंबरपासून लाटणं हातात घेतलं नाही. आणि घेणार ते त्यांच्यासाठी?’ हे तुला सांगायचं नव्हतं. लिहून गेले.

कतीरा आजच भिजवला आहे. अंडं चाललं असतं, केकवरच जायची आहेत. पण मैत्रेयीला ‘तशीच’ हवीत, तर तशीच करते. निशिगंध करीन, आणि ओमच्या नावानं थोडी शेवंती. आपल्याकडच्या कोरड्या थंडीत पाकळ्या छान कडक वाळतात. फक्त एक कर, फुलं लावल्यावर केक फ्रिजमध्ये ठेवू देऊ नकोस. ओल धरते आणि फुलं घाम फुटल्यासारखी गळून पडतात. मैत्रेयीला तूच सांग. माझं नाव घेऊन सांगितलंस तर तेवढीच सवय होईल.

खातू


५ जानेवारी २०२६

शोभा,

काल सकाळी नृसिंहराव आले. तू येशील असं मला वाटलं होतं, पण ते आले तेही मला बरं वाटलं. मफलर गुंडाळून, दम खात, आमचा जिना चढून आले. जीशानच्या अब्बांनी त्यांना खुर्ची दिली.

‘काय गनीभाई, तब्येत?’

‘सायकलीसारखी आहे साहेब. चेन पडते, पुन्हा चढवतो.’

दोघं हसले. मी चहा केला. तुझा नवरा साखर कमी घेतो ते माझ्या लक्षात होतं.

मग मी डबा आणून त्यांच्यापुढं टेबलावर ठेवला आणि झाकण उघडून दाखवला. ते बघतच राहिले. खोटं कशाला बोलू, मलाही पुन्हा बघावंसं वाटलं. यंदा कड चिरली नाही. दोन-तीन फुलं सोडली तर सगळी मनासारखी उतरली होती. ते हळूच म्हणाले, ‘वहिनी, वास येईल असं वाटतं हो.’

मी झाकण लावलं. झाकणावर मी माझ्या अक्षरात लिहून कागद चिकटवला होता. ‘ओमला, खातून आजीकडून. साखर, कतीरा, शेवया, रवा. अंडं नाही.’

त्यांनी तो वाचला. चष्मा वर केला, पुन्हा वाचला. जीशानच्या अब्बांशी वाढदिवसाला कोण कोण येणार ते बोलू लागले, आणि बोलता बोलता त्यांचं बोट त्या कागदाच्या कोपऱ्याशी गेलं. नखानं त्यांनी कोपरा उचलला. अगदी सावकाश, फाटणार नाही असा, तो कागद त्यांनी सोडवायला घेतला. मी समोर उभी होते. अरफा दारात होती.

मी म्हटलं, ‘नृसिंहराव, हे काय करताय?’

ते दचकले. मग कसंनुसं हसून म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही समजूतदार आहात. शोभानं सगळ्यांना ही फुलं पुण्याची म्हणून सांगून ठेवलंय. आता ऐन वेळी झाकणावर हे दिसलं तर... तुम्हाला कळतंय ना? पुढं एखाद्या वेळी बघून मी स्वतः सगळ्यांना सांगेन. माझा शब्द.’

‘शोभानं मला शब्द दिलाय की ती आज सांगेल.’

‘हो, म्हणजे, तिला तुमचं मन मोडवलं नाही.’

ते मला काही वाईट बोलले नाहीत. त्यांचा चेहरा इतका ओशाळा झाला होता की क्षणभर मलाच वाटलं, घेऊन जा बाबा. तेवढ्यात जीशानचे अब्बा बोलले. इतक्या महिन्यांत त्यांनी या गोष्टीची कधी थट्टा सोडली नव्हती. ते म्हणाले, ‘साहेब, तो कागद आहे तसा चिकटवा.’

नृसिंहरावांनी कागद परत दाबून बसवला. बसेना. एक कोपरा वरच राहिला.

मी डबा उचलला आणि आत नेऊन ठेवला. बाहेर येऊन म्हटलं, ‘चहा निवतोय.’ त्यांनी चहा संपवला, कप स्वतः उचलून मोरीत ठेवला. आमच्या घरी ते कायमच असं करतात, तुझ्या घरी करत नाहीत. जाताना दारात चपला शोधत थांबले. अरफानं त्यांच्या चपला सरळ करून दिल्या आणि ते गेले.

तू म्हणशील, लेकराचा पहिला वाढदिवस होता, खातूननं ऐन वेळी दगा दिला. ते तू म्हणालीही असशील, म्हणजे आता सावेडीत माझ्या नावावर दोन गोष्टी झाल्या. म्हण. पहिल्या गोष्टीसाठी मी तीन महिने तुझ्या दारात उभी होते. दुसरीसाठी उभी राहणार नाही.

मी आता तुला पत्र लिहिणार नाही. ते वाक्य मागणार नाही. तू आता सगळ्या ग्रुपवर लिहिलंस, पेपरात छापून आणलंस, तरी ते माझ्या कामाचं नाही. मला ते माझ्या मैत्रिणीच्या तोंडून हवं होतं, आणि तुझ्याजवळ मागत राहिले.

ओमला आशीर्वाद सांग, किंवा नको सांगूस. फुलं माझ्याकडं आहेत. आज दुपारी अरफानं जुन्या डब्यांचा गठ्ठा माळ्यावरून काढला, दोघींच्या नावाचे. उद्या बेलापूरच्या लग्नाचा केक त्यातूनच जाईल, आणि त्यावर ओमची फुलं असतील. झाकण उघडल्यावर नवरीनं विचारलं कोणी केली, तर तिथं सांगायला मी स्वतः असेन.

खातून